सुतळी बांधलेली केबल

गावंडेभाऊ, तुम्ही जाऊन आज तेवीस दिवस झाले आणि आपलं भांडण मिटायचं राहिलं ते राहिलंच. तेराव्याला मी तुमच्या घरी आले होते. कोणीतरी मला तुमच्या फोटोसमोर उभं केलं आणि माझा हात धरून हाराला लावला. जन्मापासून काही न पाहिलेल्या बाईला फोटोचा काय उपयोग? काचेला हात लावून माणूस कळत नाही. तिथे काही बोलणं जमलं नाही, म्हणून इथे, आपल्या टेबलाशी बसून बोलते आहे. तुमची खुर्ची आत सरकवून ठेवली आहे. मी अडखळू नये म्हणून आपल्या शनिवारच्या पल्लवीनं सरकवली.

शोकसभा झाली. कार्यवाह जोगळेकरांनी तुमचं गाव, जन्मतारीख, नोकरीची वर्षं, सगळं कागदावरून व्यवस्थित वाचून दाखवलं. ‘संस्थेचा आधारस्तंभ’ असंही म्हणाले. या आधारस्तंभाला दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा अर्ज करायला लावत होते, ते मात्र कागदावर नव्हतं. एरवी मी तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही. तुम्हाला शेवटचं जिव्हारी लागेल असं जर कोणी बोललं असेल, तर ती मीच होते.

बावीस वर्षं, भाऊ. वारज्यातल्या एका सोसायटीचा दुसरा मजला, दोन खोल्या आणि अंध मुलांची पुस्तकं छापणारी आपली एवढीशी संस्था. संगणकावरचा मजकूर ब्रेलमध्ये बदलून एम्बॉसरला पाठवायचा, मग ते यंत्र जाड कागदावर ठिपके ठोकत सुटायचं, हे तुमचं काम. बाहेर आलेलं पान बोटांनी वाचून चुका काढायच्या, हे माझं. तुम्ही ब्रेल डोळ्यांनी वाचायला शिकलात. पहिल्याच महिन्यात शिकलात, आणि वर मला म्हणालात, “ताई, बोटानं वाचाले मले नाही जमत. मही बोटं कारखान्यानं दगड करून टाकली.”

यंत्र जुनंच, कुठल्याशा परदेशी संस्थेनं वापरून दान दिलेलं. ते इथे आणलं त्या दिवशी जिन्यावरून चढवायला तुम्ही मार्केट यार्डातून चार हमाल घेऊन आलात. त्यातल्या एकानं मध्येच दम खात विचारलं, “हाय काय हो आत एवढं?” तुम्ही म्हणालात, “पुस्तकं हायेत. अजून छापली नाहीत.” मी वरच्या पायरीवर उभी होते. मला वाटलं, हा माणूस टिकेल.

तुमची माझी खरी ओळख झाली ती त्या गोल भोकांमुळे. तेव्हाच्या संगणकाला मागे दोन गोल भोकं असत, एक कीबोर्डचं आणि एक माउसचं. आकार तोच, पिना तेवढ्याच. फरक फक्त रंगाचा, एक जांभळं आणि एक हिरवं. सगळे म्हणायचे, रंग बघून लावायचं, त्यात काय एवढं. तुम्ही रजेवर असताना साफसफाईला सगळ्या वायरी काढल्या आणि मी शहाणपणा करून परत लावल्या. संगणक नुसता शिट्ट्या मारत बसला. अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मी तावातावानं म्हणाले की ज्या कोणी ही भोकं केली, त्याच्या जगात आम्ही नव्हतोच. तुम्ही पिशवीतून कानस काढलीत आणि कीबोर्डच्या पिनेच्या बाहेरच्या कडेला एक खाच पाडलीत. माझं बोट धरून तिच्यावर ठेवलंत. “घ्या. हे जांभयं.”

त्या दिवसापासून आपल्या ऑफिसातल्या प्रत्येक वायरीला माझ्यासाठी काही ना काही खूण होती. कुठे रबर बँड, कुठे गाठ, कुठे दाभणानं पाडलेलं टोचण. नऊ पिनांचं टोक, पंधरा पिनांचं तीन रांगांचं, पंचवीस पिनांचं रुंद, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं, सगळी माझ्या बोटांना पाठ झाली. मग यूएसबी आलं. चपटं, सोपं, पण एका बाजूनंच जाणारं. पहिल्यांदा लावायला जावं तर जात नाही, उलटं करावं तरी जात नाही, पुन्हा सुलटं करावं तर जातं. तुम्ही म्हणायचात, “डोळस माणसालेही हेच होते ताई, तुमी मनाले लावून घेऊ नका.” आयुष्यात पहिल्यांदा एका बाबतीत सगळी माणसं माझ्या पंक्तीला आली, याचा मला कोण आनंद झाला होता.

आणि मग आलं टाइप-सी. आपलं सगळ्यात लांबलेलं भांडण. मी तर त्या लंबगोल भोकाच्या प्रेमातच पडले. सुलटं नाही, उलटं नाही, कसंही लावा, जातं. फोन त्याच्यावर, लॅपटॉप त्याच्यावर, माझं ब्रेल वाचायचं छोटं यंत्रही त्याच्यावर. मी म्हणाले, भाऊ, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आमच्यासाठी भोक केलं. तुम्ही हट्टाला पेटलात. “आमच्या वक्ताले आकार पाह्यला की काम कयत होतं. हे नऊ पिनांचं, म्हंजे हे असं बोलन. हे पंधराचं, म्हंजे हे चित्र दाखवन. आता सगये भोकं सारखे. एक नुसतं चार्ज करते, एक चित्र दाखवते, एक काहीच करत नाही. अन् केबलीही तशाच. पाहून कयते काय कोणाच्या पोटात काय हाये?” मी म्हणाले, माणसांचंही तसंच असतं, म्हणून काय आपण माणसं टाकून देतो का? तुम्ही हसलात. पण मागे हटला नाहीत.

हे मी आज कबूल करते. तुमचं खरं होतं. ऑफिसच्या नव्या लॅपटॉपला दोन लंबगोल भोकं आहेत, दोन्ही बोटाला अगदी सारखी. एकात लावलं तर आपला हब, ती एका भोकाची चार भोकं करणारी डबी, जागा होतो, दुसऱ्यात लावलं तर मढं. पल्लवीनं कारण सांगितलं, ते मला कळलंही. पण सारखेपणाचं मला जे कौतुक होतं, ते त्या दिवशी थोडं उतरलं. तुम्हाला हे सांगायला हवं होतं. तुम्ही दोन दिवस तरी मिशीतल्या मिशीत हसला असतात, आणि ते मला ऐकू आलं असतं.

तो लॅपटॉप आला तिथून सगळं बिघडलं. जुना संगणक हिवाळ्यात बसला तो बसलाच. जोगळेकरांनी नवा घेतला, पातळ, हलका, वहीएवढा. त्याला नऊ पिनांचं भोक नाही. आपल्या एम्बॉसरला दुसरी भाषाच येत नाही. आपण दोघं तपकीर गल्लीत, त्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत गेलो होतो, आठवतं? पाच दुकानं झाली. सहाव्या दुकानातल्या गृहस्थांनी तुमच्या हातातलं पंचवीस पिनांचं टोक बघितलं आणि म्हणाले, “हे आता आमच्याकडे मिळत नाही. केळकरांच्या म्युझियममध्ये बघा, तिकडे तांब्याची भांडी ठेवलीत त्याच्या शेजारी असेल.” मी चिडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, “चालते जी. तुमचं दुकानही थोड्या दिवसानं तिथंच येईन, तवा एकाच खेपेत नेऊ.” ते गृहस्थ मनापासून हसले आणि आतून यूएसबीला नऊ पिना जोडून देणारा एक निळा कन्व्हर्टर शोधून दिला. फुंकर मारून धूळ उडवल्याचा आवाज मला आजही येतो.

मग तुम्ही तुमची ती मालगाडी जोडलीत. लॅपटॉपच्या भोकात हब, हबात निळा कन्व्हर्टर, त्याच्या नऊ पिनांना केबल, केबलीच्या दुसऱ्या टोकाला पंचवीस पिना आणि त्या यंत्रात. नाकापेक्षा मोती जड. पण चालली. यंत्र ठक ठक करून ठोकायला लागलं, तेव्हा मी टेबलावर दोन्ही हात ठेवून त्याचा थरथराट अंगात घेतला होता.

एकच गोष्ट मला खटकायची. संगणकात तुम्ही नेमकं काय काय बसवलंत, ते तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. दर शनिवारी शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, मांजरीहून, ती पल्लवी येते, आयटीतली, मोकळ्या वेळात संस्थेचं काम करणारी, गुणी मुलगी. तिनं विचारलं, “काका, मला सेटिंग्ज दाखवा ना, मी डॉक्युमेंट करून ठेवते.” तुम्ही म्हणालात, “दाखवतो न, काय घाई हाये.” तिनं चार शनिवार विचारलं. मग विचारायचं सोडलं.

तुम्ही असं का करत होता, ते मला माहीत होतं. तुम्हीच एकदा डबा खाताना सांगितलं होतंत. अकोल्याकडून पुण्यात आलात, भोसरीच्या कारखान्यात लागलात, तिथल्या जुन्या प्रेसवर तुमचा हात बसला. एक दिवस नवीन मशीन आलं. साहेबांनी तुम्हाला सांगितलं, या पोरांना सगळं समजावून द्या. तुम्ही मन लावून नव्या पोरांना शिकवलंत. शिकवून झालं आणि तुमची लाइन बंद झाली. तुम्ही मला म्हणाला होता, “सगयं सांगून टाकलं म्हंजे माणूस रिकामा होते, ताई.” मी तेव्हा तुमच्या हातावर हात ठेवला होता.

आणि तेच मी तुमच्यावर फेकलं.

एप्रिलमध्ये तुम्ही पुतणीच्या लग्नाला गावी गेलात. जाताना मालगाडी सोडवून खणात ठेवलीत आणि खणाला कुलूप लावलंत. इकडे मोमीनपुऱ्यातल्या रेहानाचं बीजगणित छापायचं होतं. दहावीचं वर्ष, पुस्तक जूनच्या आत हवं. तिच्या अब्बांचे दिवसाआड फोन. “ताई, बच्ची विचारते आहे, बीजगणित होईल ना?” पल्लवीनं ऑनलाइन दुसरा कन्व्हर्टर मागवला, पांढरा. लॅपटॉपनं त्याला ओळखच दिली नाही. दुपारभर ती पोरगी खटपट करत होती आणि मी शेजारी बसून नुसते टिचकीचे आवाज ऐकत होते. संध्याकाळी जोगळेकर म्हणाले, “एक माणूस लग्नाला गेला की संस्था बंद. छान. हे यंत्र भंगारात द्या, पुस्तकं बाहेरून छापून आणू.” बाहेरून म्हणजे दुसऱ्या गावाहून, म्हणजे तीन महिने. तोवर पहिली घटक चाचणी आली असती.

तुम्ही लग्नाचे बुंदीचे लाडू घेऊन आलात. डबा माझ्यासमोर ठेवलात. मी झाकणही उघडलं नाही. सगळ्यांदेखत म्हणाले, “भाऊ, तुम्हाला यंत्र चालू ठेवायचं नाहीये, स्वतःला चालू ठेवायचंय. तुमच्यावाचून अडावं असंच तुम्हाला वाटतं. कारखान्यानं काढलं त्याचा सूड तुम्ही या मुलांवर उगवताय.”

तुम्ही म्हणालात, “बरं जी.” बस, एवढंच. मग कुलूप उघडून मालगाडी जोडलीत, रेहानाची तयार झालेली पहिली दोन प्रकरणं छापून दिलीत, आणि संध्याकाळी ती पुन्हा खणात ठेवून निघालात. पुढचे नऊ दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोललात. चहाचा कप मात्र रोजच्यासारखा ठेवत राहिलात, कान माझ्या उजव्या हाताकडे करून. मीही ताठ. आपली चूक कळलेली माणसं किती दिवस ताठ राहू शकतात, याचा पुण्यात तरी अंत नाही. दहाव्या दिवशी सकाळी तुम्ही वारज्याच्या बसस्टॉपवर बसलात ते उठलाच नाहीत.

मी तुमची माफी मागायला सोमवार ठरवला होता. खरंच ठरवला होता. तुम्ही शुक्रवारी गेलात.

पुढे जोगळेकरांनी मुदत घातली. महिनाअखेरपर्यंत यंत्र चाललं तर ठीक, नाही तर सोमवारी भंगारवाला येईल. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? मागच्या आठवड्यात वहिनी आल्या. खणाची किल्ली द्यायला आल्या होत्या. किल्लीबरोबर त्यांनी माझ्या हातात जाड कागदांची एक गुंडाळी दिली. म्हणाल्या, “हे तुमच्यासाठी हाये. रोज ऑफिसातून आले का जेवणाआधी टोचत बसत होते. मी म्हटलं काय करू राह्यले, तं म्हणे ताईले सगळं सांगून ठेवतो. मले तं काही वाचता येत नाही.” आणि मग आम्ही दोघी बराच वेळ रडलो. त्यांना मी तुमच्याशी काय बोलले होते ते ठाऊक होतं की नाही, मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

आपल्या कपाटातली ब्रेल पाटी आणि टोचणी कुठे गेली म्हणून मी पल्लवीवर डाफरले होते. तुम्ही घरी नेली होती.

कागद हातात घेतले आणि मला काही लागेना. ठिपके होते, नीट, खोल, पण अक्षरं नव्हती. एक ओळ, दोन ओळी, नुसती अंदाधुंदी. मनात आलं, तुमचं डोकं ठिकाणावर नव्हतं की काय. मग एकदम लक्षात आलं. टोचणीनं लिहिताना कागदाच्या पाठीमागून टोचतात. म्हणून उजवीकडून सुरू करायचं आणि अक्षरही उलटं काढायचं, तरच कागद पालथा केला की सरळ वाचता येतं. आमच्या अंधशाळेत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तुम्ही शाळेत कुठे होता? तुम्ही बावीस वर्षं पान यंत्रातून सरळ बाहेर येताना पाहिलंत. तुम्ही डावीकडून, सरळ, एकेक अक्षर मनापासून टोचत गेलात आणि अख्खं पत्र आरशातलं निघालं. ज्यानं हजारो ब्रेल पानं छापली, त्यानं पहिल्यांदा हातानं लिहिलं आणि सगळं उलटं लिहिलं. मी खो खो हसले, भाऊ. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. हसता हसता कागद भिजेल म्हणून बाजूला ठेवला.

पण ते वाचता येतं. मी लिहिताना बोट जसं चालवते तसंच चालवायचं, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर आपण स्वतः टोचतो आहोत असं धरून. दोन दुपारी लागल्या. तुमचे कागद मला वाचावे लागले नाहीत, पुन्हा लिहावे लागले. वर ‘ताईंसाठी’ असं होतं. मग एक, निळा कन्व्हर्टर घ्यावा, पांढरा घेऊ नये, नवीन संगणक त्याला खोटा समजतो. दोन, हब डाव्या भोकात लावावा. तीन, खणात पंचवीस पिनांच्या दोन केबली आहेत, एकीच्या आत तारा उलट जोडल्या आहेत, ती चालणार नाही. जिला सुतळी बांधली आहे ती घ्यावी. चार, संगणक या जोडणीला, म्हणजे पोर्टला, अकरा नंबर देतो, आपलं सॉफ्टवेअर चारच्या पुढे मोजत नाही, तेव्हा तो बदलून चार करावा, याला पल्लवीला शेजारी बसवावं, ती हुशार आहे. आणि मग पाच. पाचपुढे काही नाही. कागद संपलेला नव्हता, पुढे पाऊण पान कोरं होतं.

भांडणाबद्दल एक अक्षर नाही. मी प्रत्येक पान तीनदा चाचपलं. कुठेतरी तुम्ही माझ्यावर रागावल्याचं लिहिलं असेल, किंवा नसल्याचं. काहीच नाही. नुसती डावी, उजवी, निळी, पांढरी. माझ्या तोंडून ते निघालं नसतं तर तुम्ही हे लिहिलं असतं का? मला वाटतं, नसतं. आणि हे वाटणं मला सुखानं बसू देत नाही. मी बोलले त्यात खोटं काही नव्हतं. तुम्ही खरंच सगळं दडवून ठेवलं होतंत. पण तुम्ही विश्वासानं दिलेलं दुखणं मी चारचौघांत बाहेर काढलं, ते करायला नको होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही. मला माफ करा, भाऊ. हे मी सोमवारी म्हणणार होते.

काल शनिवारी पल्लवी आली. खण उघडला. सुतळीची गाठ माझ्या बोटाला लगेच लागली. एक, दोन, तीन, चार, सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. यंत्र गुरगुरलं आणि चालू झालं. पल्लवीनं टाळ्या वाजवल्या. रेहानाचं तिसरं प्रकरण, पहिली तीन पानं बिनचूक. चौथ्या पानावर समीकरण अर्ध्यात तुटलं आणि त्याच्यापुढे दोन ओळींनंतरचं काहीतरी जोडलेलं. पाचव्यावर तसंच. मधल्या ओळी कुठे गेल्या, कळेना. डोळस मूल म्हणेल, छपाई चुकली. रेहाना म्हणेल, मला गणित येत नाही.

पल्लवीनं सगळं पुन्हा तपासलं. “मॅम, पोर्ट बरोबर आहे, स्पीड बरोबर आहे. मला खरंच कळत नाहीये.” परत छापलं, तेच. तिनं हळूच विचारलं, “जोगळेकर सरांना सांगायचं का?” मी म्हणाले, पुन्हा चालव, बोलू नकोस. आणि मी डोकं टेकून ऐकत बसले. यंत्र ठोकत होतं, ठक ठक ठक ठक, एका दमात, न थांबता. ते मला बरोबर वाटेना. तुमच्या हाताखाली ते असं कधी चालायचं नाही. दोन-तीन पानं झाली की ते क्षणभर गप्प व्हायचं, मग पुन्हा सुरू. मी एकदा विचारलं होतं, हे मध्येच का थांबतं? तुम्ही म्हणाला होता, “त्याचं पोट लहान हाये ताई. भरलं का ते कम्प्युटरले सांगते, बाबा थांब जरा. अन् कम्प्युटरनं थांबलं पायजे.”

मी पल्लवीला म्हणाले, “यंत्र संगणकाला थांब म्हणतंय आणि तुझा संगणक ऐकत नाहीये. अशी काही जागा आहे का तिथे?” तिनं भराभर टिचक्या मारल्या. मग ओरडलीच, “फ्लो कंट्रोल! मॅम, ते बंदच आहे!” तिनं ते चालू केलं. यंत्रानं तीन पानं ठोकली, थांबलं, आणि पुन्हा ठोकू लागलं. तुमचं पाचवं हेच होतं ना? तुम्ही ते लिहायला बसणार होता, त्या दिवशी संध्याकाळी.

प्रकरण संपूर्ण छापून झालं. जोगळेकर येऊन उभे राहिले, आणि “बघू” म्हणून गेले. त्यांच्या तोंडी ‘बघू’ म्हणजे भंगारवाला येत नाही. रेहानाच्या अब्बांना मी स्वतः फोन केला.

मग मी मुद्रितं वाचायला बसले. यंत्र चालू आहे म्हणजे माझं काम आलंच. तुम्हाला माहीत आहे, मी चुका कधी लिहून ठेवत नाही, बोट हलवावं लागतं आणि ओळ सुटते. मी वाचता वाचता मोठ्यानं सांगते आणि पलीकडे तुम्ही टिपून घेता. खिडकी उघडी होती, खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं, आणि मी वाचत गेले. एकोणिसाव्या पानावर पहिली चूक सापडली. मान खाली, बोट ओळीवर, नेहमीसारखं मी म्हणाले, “एकोणीस, सातवी ओळ. उणेच्या जागी अधिक पडलंय.”

पलीकडून पल्लवी म्हणाली, “हो मॅम, केलं.”

माझं बोट तिथेच राहिलं, पुढे जाईना. पलीकडून काहीच आलं नसतं, तर तुम्ही गावी गेला आहात असं धरून मी आणखी थोडे दिवस काढले असते. पण उत्तर आलं, भाऊ.